भूमियानं ओतलं, मी फूल ठेवलं

माझी दारू सुटली हे कळल्यावर लोक घरी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. दारू सोडवणारी मुळी कोणती? पुजारी कुठला? आरमोरीकडचा एक जण तर भावासाठी पैसे खिशात घालूनच आला होता. मुळी नव्हती असं सांगितलं की माणूस हिरमुसतो. जंगलातला माणूस, त्यातून गोंड, म्हणजे ह्याच्याकडे मुळी असणारच, अशी समजूत. एकदा गडचिरोलीत एका कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावून ‘आदिवासी परंपरेनं बरे झालेले’ अशी ओळख करून दिली. मला खाली जाऊन बसावंसं वाटलं. कारण माझा जीव वाचवला तो सलाईननं, इंजेक्शननं आणि गोळ्यांनी. जीव वाचल्यानंतरचं काम मात्र गावानं केलं, आणि ते काम आमच्या जुन्या रीतीनंच झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ऐकणाऱ्याला त्यातली एकच हवी असते.

मी धानोरा तालुक्यातला. आमच्याकडे मोहाच्या दारूशिवाय काही सुरू होत नाही. मूल जन्मलं, सोयरीक ठरली, माणूस गेला, नवं धान्य घरात आलं, पेनाची, म्हणजे आमच्या देवाची, पूजा आली, की दारू लागते. पण ती आधी जमिनीला. पळसाच्या पानाच्या द्रोणातून भूमिया, म्हणजे गावातर्फे पूजा करणारा, चार थेंब मातीत सोडतो, पेनाचं नाव घेतो, गेलेल्या माणसांची नावं घेतो, मग द्रोण फिरतो. लहानपणी मीही बोट बुडवून चाखलेली आहे. आजोबा आयुष्यभर असेच प्यायले आणि कधी कुणाच्या ओसरीवर लोळले नाहीत. पण म्हणून परंपरा निर्दोष, असं मी म्हणणार नाही. ह्याच द्रोणाच्या आडून माझ्या मोठ्या काकांनी बैलजोडी पिऊन टाकली. गावाचा पंडुम, म्हणजे सण, संपायचा, काकांचा संपायचा नाही. आणि त्यांना अडवायचं कुणी, कसं, हे कुणालाच सुचायचं नाही. कारण अडवलं तर पेनाच्या दारूला नाही म्हटल्यासारखं होईल, अशी भीती.

मी बिघडलो ते मात्र गावात नाही. आश्रमशाळेत बारावी झालो आणि राजुऱ्याकडे कोळशाच्या कामावर एका ठेकेदाराकडे लागलो. चंद्रपूर जिल्ह्यात तेव्हा दारू खुली होती. आमच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी. गावोगावच्या बाया, डॉक्टर अभय आणि राणी बंग, आणि कितीतरी कार्यकर्त्यांनी काही वर्षं लढून ती आणलेली. म्हणजे मी बंदीच्या जिल्ह्यात वाढलो आणि खुल्या जिल्ह्यात कमावता झालो. कामाची पाळी संपली की देशीची निप, पगाराच्या दिवशी इंग्लिश. खोलीवर एकटा. जमिनीला थेंब नाही, कुणाचं नाव नाही, समोर माणूस नाही. पुढे पाळीच्या आधीही लागायला लागली, नाहीतर हजेरीवर सही करताना हात थरथरायचा.

1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूरलाही बंदी झाली. (ती 2021 मध्ये उठली, तो वेगळा विषय.) तोवर ठेकेदारानं मला काढलंच होतं. बायको म्हणाली, गावी चला, तिथं निदान दुकान नाही. दुकान नव्हतंच. भट्ट्या होत्या. पंडुमासाठी घरात निघते ती दारू नुसत्या मोहफुलांची असते. विकायची दारू वेगळी. सडवा, म्हणजे भिजवून आंबवलेली फुलं, लवकर उठावा म्हणून त्यात गूळ आणि नवसागर घालतात, आणि नाल्याच्या काठाला ड्रम पुरून ठेवतात. पोलिस आणि गावातल्या बाया ड्रम फोडतात, वर्तमानपत्रात ‘मोहसडवा नष्ट’ अशी बातमी येते, आणि पुढच्या आठवड्यात नाल्याच्या वरच्या अंगाला नवा ड्रम. मला सगळे ड्रम ठाऊक होते.

आईनं मला पुजाऱ्याकडे नेलं. आमच्याकडे पुजारी म्हणजे देवळातला भटजी नव्हे. अंगात आलेलं, नजर लागलेलं, ताप, साप, सगळ्याला तोच. त्यानं सुपात तांदळाचे दाणे टाकले, बोटानं सारले, परत टाकले. आईला वाटत होतं की कुठला तरी पेन नाराज असेल, कोंबडं किंवा बकरं सांगतील, देऊन मोकळे होऊ. पुजारी बराच वेळ दाणे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘पेन रागावलेला नाही. हा पितो तेव्हा पेनाचं नावच घेत नाही. पेनाला ह्याचं काही माहीतच नाही.’’

आईला हे फारसं पटलं नाही. मला मात्र ते लागलं. रागावलेल्या देवाला मनवता तरी येतं.

त्यानं एका सालीचा कडू काढा दिला आणि सांगितलं, काही दिवस माझ्याच घरी राहा, माझ्या शेकोटीजवळ झोप. उपाशी झोपू नको. काढ्यानं काय झालं ते मला सांगता येणार नाही. पोट साफ झालं असेल. मधल्या काळात आठवडी बाजारात एक जण पुड्या विकायचा, वरणात गुपचूप कालवा, नवऱ्याला कळणारही नाही, म्हणायचा. बायकोनं घेतली नाही, पैसे नव्हते म्हणून. नंतर दवाखान्यात कळलं की डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते पोटात असताना दारू प्यायली तर तोंड लालभडक होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. म्हणून डॉक्टर ते तपासून, माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनंच देतात. बाजारातल्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. जडीबुटीचं नाव असलं म्हणून ती जडीबुटी होत नाही.

पुजाऱ्याच्या घरी मी दारू एकदम बंद केली. पहिल्या दिवशी घाम, थरथर, झोप नाही. दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढायला लागल्या. मी त्या झाडत होतो आणि बाकीच्यांना त्या दिसत नव्हत्या. मेलेले काका दारात येऊन बसले. मग मला झटका आला, म्हणजे आला असं ते सांगतात, मला आठवत नाही. जीभ चावली गेली होती. शेजारची माणसं जमली, कुणी म्हणालं अंगात आलं, कुणी म्हणालं काकांनी धरलं. आणि पुजारी, ज्याच्याकडे अंगात आलेली माणसं आणतात तो पुजारी, म्हणाला, ‘‘हे माझं काम नाही. गाडी बोलवा.’’

ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकाला ती सगळ्यात कमी आवडते. मुळी विचारायला आलेल्याला तर नाहीच. पण माझ्या मते त्या रात्री त्या माणसाचं सगळ्यात मोठं ज्ञान तेच होतं. चार तास कोंबडी कापत बसला असता तर मी हे लिहायला नसतो.

पिकअपमध्ये घालून मला दवाखान्यात नेलं. पुजारीही सोबत आला. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची दारू कधी प्यायला? आईला सांगता येईना, पुजाऱ्यानं वेळ सांगितली, कारण तो माझ्यावर नजर ठेवूनच होता. मग थायमिनचं इंजेक्शन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, सलाईन, आणि लिब्रियमच्या गोळ्या, आधी जास्त, मग रोज थोड्या कमी. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी समजावलं. रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली चालायला शिकलेला असतो. दाब अचानक काढला की तो उसळतो. आधी थरथर, मग एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, ताप, घाम. हा भ्रम उपचाराविना राहिला तर माणूस मरूही शकतो. जो वर्षानुवर्षं रोज पितो त्यानं घरी, शपथ घेऊन, देवापुढे एकदम सोडणं धोक्याचं आहे. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. हे वाक्य आमच्या भागातल्या प्रत्येक पुजाऱ्याच्या आणि प्रत्येक बुवाच्या दारावर लिहावं असं मला वाटतं.

दवाखान्यातून निघालो तेव्हा अंग दारूपासून सुटलं होतं. मी नव्हतो. 2016 पासून जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ ह्या दारू-तंबाखू सोडवण्याच्या मोहिमेचं काम सुरू झालं होतं, बंग दांपत्याची ‘सर्च’ संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट मिळून. धानोऱ्याला त्यांच्या तालुका क्लिनिकमध्ये मी जायला लागलो. तिथला समुपदेशक चांगला माणूस. तो विचारायचा, प्यावंसं कधी वाटतं, कुणाबरोबर वाटतं, वाटल्यावर काय करतोस. ह्या प्रश्नांचा उपयोग झाला, आजही होतो. पण गटात बसून ‘मी दारूच्या आहारी गेलो’ असं मराठीत बोलताना मला शाळेत धडा वाचल्यासारखं वाटायचं. गोंडीत बोललो की रडू यायचं, म्हणून मी मराठीतच बोलायचो. समुपदेशकाच्या ते लक्षात आलं. त्यानं विचारलं, गावात कुणाशी बोललास का? म्हटलं, गावात बोलण्यासारखं काय आहे, सगळ्यांनी बघितलंय.

मग माझ्या मामानं गोटूलमध्ये बैठक लावली.

गोटूलबद्दल बाहेर फार चटपटीत लिहिलं गेलंय, ते बाजूला ठेवा. आमच्यासाठी ती गावानं बसायची जागा. मेंढा (लेखा) आमच्या तालुक्यातच आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं, सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय निर्णय न करणारं, 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव. तिथेही दारूचा विषय बायांनीच धरला होता, आणि पूजेला दारू लागते त्याचं काय करायचं ह्यावर तिथेही बरीच घासाघीस झाली, असं जुनी माणसं सांगतात. आमचं गाव काही तेवढं नावाजलेलं नाही. पण बसायची रीत तीच. हात वर करून मोजणी नाही. एक जरी ‘नाही’ म्हणाला तरी बैठक पुढच्या संध्याकाळी.

मला वाटलं होतं दंड लावतील, शिव्या देतील. ते झालं नाही. प्रत्येकानं आपापलं सांगितलं. एकानं सांगितलं, तू माझ्याकडून पेरणीचे पैसे नेले आणि मी ते धान उसनं आणून भागवलं. एका म्हातारीनं सांगितलं, तुझ्या बापाच्या मातीला तू नव्हतास, खांदा तिसऱ्यानं दिला, ह्याची मला लाज वाटली. बायको बोलायला उभी राहिली आणि फक्त एवढंच म्हणाली की पोरगी ह्यांच्या चपलेचा आवाज ऐकून झोपेचं सोंग घेते. कुणी उत्तर मागितलं नाही. मला ऐकायचं होतं, एवढंच. गटात मी माझ्याबद्दल बोलत होतो, इथे सगळे माझ्याबद्दल बोलत होते आणि मी गप्प होतो. माझ्यावर जास्त परिणाम कशाचा झाला, हे विचारलंत तर गप्प बसण्याचा.

सगळ्यांचं सांगून झाल्यावर मामानं विचारलं, आता ह्याच्यासाठी गाव काय करणार? आणि तिथे खरी अडचण सुरू झाली. बियांचा पंडुम जवळ आला होता. मी पूजेला उभा राहिलो की द्रोण माझ्याकडे येणार. नाही घेतला तर पेनाचा अपमान, घेतला तर मी संपलो. बचत गटाच्या बाया म्हणाल्या, पूजेतनं दारूच काढून टाका. म्हातारी मंडळी उसळली. एक आजोबा म्हणाले, ‘‘पेनापुढे रिकाम्या हातानं उभं राहायचं? आपल्या बापजाद्यांना पाणी पाजायचं का?’’

मला त्या आजोबांचं म्हणणं तेव्हाही समजत होतं. बाहेरून येणाऱ्या सुधारकांनी आमच्या लोकांना वेळोवेळी सांगितलंय की दारू सोडा म्हणजे स्वच्छ व्हाल, मोठे व्हाल. आदिवासींच्या आतूनही अशा चळवळी उठल्या: झारखंडात 1914 च्या सुमाराला जतरा भगत ह्यांच्या मागे उराव आदिवासींनी दारू सोडली, 1922 मध्ये दक्षिण गुजरातेत देवीच्या आदेशावरून आदिवासींनी सोडली. त्यातून लोक सावकाराविरुद्ध, दारूच्या ठेकेदाराविरुद्ध उभे राहिले, हे मोठंच. पण ह्या चळवळींच्या आडून कधी कधी असंही ऐकवलं जातं की तुमचं होतं तेच घाण होतं. मोहाचं झाड घाण नाही. माझी आई चैत्रात पहाटे टोपली घेऊन त्याखाली जाते, फुलं वेचते, वाळवते, काही विकते, काही तिळाबरोबर भाजून कुटून आम्हाला लाडू करून देते. मोहफुलं जमवायला आणि साठवायला सरकारनं घातलेले निर्बंध 2021 मध्ये उठले, म्हणजे सरकारलाही ते उशिरा कळलं. मला मोह सोडायचा नव्हता, दारू सोडायची होती.

बैठक कितीतरी संध्याकाळी चालली. लोक कंटाळले, एक-दोनदा भांडणही झालं. शेवटी तोड भूमियानंच काढली. तो म्हणाला, दारू व्हायच्या आधी ते फूलच होतं. पेनाला मोहाचं जे काही द्यायचं ते द्यायचं. दारू मी जमिनीला ओतीन, ती गावातर्फे. हा फूल ठेवील. पेनाला दोन्ही पोचेल. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, पुजाऱ्याला दाणे टाकून विचारा. पुजाऱ्यानं विचारलं. पेनाची हरकत नव्हती. (पेनाच्या ह्या निर्णयात पुजाऱ्याचाही थोडा हात असावा असा मला संशय आहे, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.)

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरल्या. पंडुमाची दारू एकाच घरी निघेल, तीही नुसत्या फुलांची आणि पूजेपुरती, विकायची भट्टी गावाच्या शिवेत नको. आणि दुसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: जो मला ‘घे रे, एक घोट, आज पंडुम आहे’ म्हणेल, दंड त्याला. मला नाही, आग्रह करणाऱ्याला. दारू सोडलेल्या माणसालाच विचारा, आग्रह ही काय चीज असते. क्लिनिकमध्ये मला ‘नाही’ म्हणायला शिकवलं होतं, आणि ते मी आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. पण मेव्हण्यासमोर, ढोल वाजत असताना, ते तोंडातून निघत नाही. गावानं ते ‘नाही’ माझ्या आधीच म्हणून टाकलं.

पंडुमाच्या रात्री मला ढोल दिला. ही काही सन्मानाची गोष्ट नव्हती, ढोलाचा एक गडी आजारी होता आणि लहानपणी मी वाजवायचो. पण ज्याच्या गळ्यात ढोल आहे त्याच्या हातात द्रोण कुणी देत नाही. रेला, म्हणजे आमचा नाच, रात्रभर चालला. रात्री उशिरा, जेव्हा पूर्वी मी कुठे पडलेलो असायचो ते मला दुसऱ्या दिवशी सांगावं लागायचं, तेव्हा मी ताल धरून उभा होतो आणि खांदे भरून आले होते. प्यावंसं वाटलं का? वाटलं. वास नाकात होता. पहाटे फार वाटलं. मामा जवळच उभा होता, तो काही बोलला नाही, फक्त तिथून हलला नाही.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल की मग हीच रीत सगळ्यांना लावा. माझ्या चुलतभावालाही गावानं असंच बसवलं होतं, त्याच गोटूलमध्ये, त्याच रीतीनं. त्यानंही ऐकून घेतलं, फूल ठेवलं. पण तो वर्षातले बरेच महिने तेलंगणात मिरची तोडायला जातो. तिथे गाव नाही, मामा नाही, आग्रहाला दंड नाही. मुकादम हप्त्याच्या पैशाबरोबर बाटली देतो. तो अजून पितो. गावाची रीत गावाच्या शिवेपर्यंत चालते. त्याच्यासाठी मुकादमाशी बोलावं लागेल, मजुरी रोख आणि पुरती मिळते का हे बघावं लागेल, आणि ते कुठल्याही पेनाच्या हातात नाही. मी अजूनही क्लिनिकला जातो. पुजाऱ्याकडेही जातो, बहुतेक वेळा शेकोटीजवळ बसून तंबाखूवरून त्याला बोलणी देण्यासाठी. तो खर्रा सोडायला तयार नाही. डॉक्टरांना दारू समजते, म्हणतो, पण खर्रा समजत नाही.

सध्या शेजारच्या गावात हाच विषय निघालाय. तिथे दोन पोरांना दवाखान्यातून आणलंय आणि पंडुम तोंडावर आहे. त्यांच्या भूमियानं फुलाला हो म्हटलंय, पण दंडाच्या गोष्टीवर गाडं अडलंय. सोयऱ्याला दंड कसा करायचा, तो दुसऱ्या गावचा, रुसून गेला तर सोयरीक तुटेल, असं पुरुष म्हणतात. बाया म्हणतात, तुटू दे. मला बोलावलंय. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की त्यांची पुढची बैठक आहे, तोवर त्या दोन्ही पोरांना मी दर बाजाराच्या दिवशी धानोऱ्याला घेऊन जातो, क्लिनिकमध्ये गोळ्या लिहून घ्यायला.